जुन्या मारुती ईकोत ऑक्सिजन सेन्सरचा लाईट लागला? नवीन सेन्सर घ्यायच्या आधी एवढं तपासा

चेक इंजिनचा पिवळा लाईट लागला आणि स्कॅनरनं ऑक्सिजन सेन्सरचा (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) कोड दाखवला की लोक थेट सेन्सर विकत आणतात, आणि पुढच्या आठवड्यात लाईट परत हजर. कोडवरनं बिघाड कुठल्या सर्किटात आहे एवढंच कळतं, सेन्सरच गेलाय असं नाही. मात्र लाईट ब्लिंक होत असेल तर गाडी दामटू नका, मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाईपातला धूर साफ करणारा भाग) खराब होईल.

आधी कोड नीट वाचा. एप्रिल २०१३ नंतरच्या गाडीला ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा) मोबाईलवरनं चालतो, त्याआधीची असेल तर गॅरेजचा स्कॅनर लागू शकतो. सेन्सर दोन असतात, एक कन्व्हर्टरच्या पुढं, एक मागं. पी ०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट, तिथं पहिल्यांदा फ्यूज बघा. पी ०१३४ म्हणजे पुढच्या सेन्सरचा सिग्नलच नाही. पी ०१३६ ते ०१४१ हे कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचे, पुढचा बदलून काही उपयोग नाही.

आता इंजिन पूर्ण गार असताना सीट उचला (ईकोचं इंजिन सीटखालीच असतं) आणि सेन्सरची वायर शेवटपर्यंत बघा. गाडी उसाच्या फडाशेजारी उभी राहत असेल तर उंदरानं कुरतडलेली असू शकते. आणि आपल्या सांगलीत २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाडी उभी होती का हे मालकाला विचाराच, सेकंडहँड घेतली असेल तर जास्तच, कारण पाणी गेलेल्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून परत बसवा. चार वायरपैकी एकाच रंगाच्या दोन असतात त्या बहुतेक हीटरच्या, सेन्सरच्या बाजूनं मल्टीमीटर लावा, थोडे ओहम दाखवले तर ठीक, काहीच नाही दाखवलं तर हीटर तुटलाय.

मग गाडी उघड्यावर चालू करा, बंद शेडमध्ये अजिबात नको, धूर जीवघेणा असतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी (इंजिनातनं धूर बाहेर आणणारा पाईप) फुसफुस किंवा काजळी दिसली तर गळती आहे. तिथनं बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त वाटतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज पडतं.

इंजिन तापलं की स्कॅनरवर लाईव्ह डेटा बघा. पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली व्हायला पाहिजे. अडकलेला वाटला तर न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडा, व्होल्टेज पटकन वर जाऊन खाली आला तर सेन्सर जिवंत आहे. फक्त सीएनजीवर गडबड असेल तर किटचं ट्यूनिंग करून घ्या.

एवढं करूनही सेन्सरच निघाला तर इंजिन किंचित कोमट असताना, वायर जाईल अशा फटीच्या २२ नंबर सॉकेटनं काढा. अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) आट्यांनाच लावा, सेन्सरच्या टोकाला नको, आणि जवळपास साधं सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्याची वाफ नवा सेन्सर मारते. कोड क्लिअर करून तासगावपर्यंत एक फेरी मारून या आणि परत स्कॅन करा.