पुढच्या साथीआधी आपल्या एरियाची यादी कशी करायची

२४ मार्च २०२० ला रात्री ८ ला लॉकडाऊनची घोषणा आणि १२ पासून सगळं बंद, म्हणजे हातात फक्त ४ तास. तेवढ्यात मदत कोणाला लागेल याची कसली यादी होणार, मग ती करतात पक्षाचे कार्यकर्ते, धान्याच्या किटवर साहेबांचा फोटो आणि किट जातं त्यांच्याच माणसांकडे. म्हणून हे काम आत्ताच उरकायचं, नवी मुंबईतलं दिघा असो, तुर्भे असो नाहीतर ठाण्याचं कळवा.

साधी वही घ्या. सोसायटीवाल्यांनी गेटपासून सुरुवात करा: वॉचमन, घरकामाच्या ताई, इस्त्रीवाला. नाव, घरात खाणारी तोंडं किती आणि मेन म्हणजे रेशनकार्ड कुठलं. वॉचमनचं कार्ड बिहारमधल्या गावचं असतं आणि त्याला वाटतं इथे त्याचा उपयोग नाही. असं नाहीये, अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं कार्ड आधारला लिंक असेल तर देशात कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सगळ्या राज्यांना हे ३१ जुलैपर्यंत चालू करायला सांगितलं होतं. पण दुकानदार टोलवतात, तेव्हा सोबत जाऊन एकदा थंब लावूनच बघा. भांडी घासून घासून रेषा पुसट झालेल्या मावशींचा अंगठा मशीन घेत नाही, मधलं बोट घेतं, तर तेही वहीत लिहा, हसू नका.

कार्डच नसलेल्यांचं पान वेगळं. रेशनचा कोटा अजून २०११ च्या जनगणनेवर, २०२१ ची साथीमुळे झालीच नाही, त्यामुळे नंतर वाढलेल्यांना कार्ड मिळत नाही आणि हे पान भरतं. किट पहिलं यांना.

नाका कामगारांना बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायला लावा. २०२० ला मंडळाने २००० रुपये दिले ते नोंदणीवाल्यांनाच. ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदार सही द्यायला टाळाटाळ करतो, तो मिळवण्यातच खरी दमछाक आहे.

फोन नंबर लिहिताना नुसत्या नगरसेवकावर राहू नका. नवी मुंबईची २०२० ची निवडणूक कोरोनात पुढे गेली ती थेट जानेवारी २०२६ ला झाली, मधे सगळा प्रशासकाचा कारभार, गटार तुंबलं तरी सांगायचं कोणाला. वॉर्ड ऑफिस आणि आरोग्य केंद्राचे नंबर हवेतच.

आधार नंबर व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत. वहीची एक कॉपी दुसऱ्या पक्षाच्या माणसाकडेही द्या, म्हणजे नावं गुपचूप गळणार नाहीत. भाडेकरू ११ महिन्यांनी बदलतात, तेव्हा दिवाळीनंतर एकदा आणि जूनमध्ये एकदा वही तपासा.