मतदार यादीत नाव घालायला नागरिकत्वाचा काय पुरावा लागतो? कोल्हापूरकरांसाठी

मतदार नोंदणीला नागरिकत्वाचा दाखला कुठनं काढायचा, असं हल्ली सारखं विचारलं जातंय, त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डनी आणि घोळ घातलाय. तर इथंच जन्मलेल्या माणसाला असा वेगळा दाखला कोण देत नाही, त्यामुळं एखादा एजंट "काढून देतो, एवढं पडतील" म्हणाला तर लांबनंच रामराम घाला.

नवीन नावासाठी फॉर्म ६, मोबाईलवर निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवरनं भरा नाहीतर भागातल्या बीएलओकडं, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडं द्या. त्यात कागद मागतात ते वयाचे आणि पत्त्याचे. नागरिकत्वासाठी घोषणापत्र असतं, की मी भारताचा नागरिक आहे आणि माझा जन्म अमुक गावात, अमुक जिल्ह्यात झालाय. वाचून सही करा, कारण ते खोटं निघालं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट किंवा जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट, यातलं एक. पत्त्याला आधार, बँकेचं चालू पासबुक, लाईट-पाणी-गॅसचं बिल चालतं, भाड्यानं राहत असाल तर करार रजिस्टर केलेला पाहिजे, नुसता नोटरीवाला दाखवून वाद घालू नका.

आता आधारचं. वय आणि पत्त्याला चालतं, नागरिकत्वाला नाही, आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच तसं लिहिलंय. आधार मिळतं ते इथं राहणाऱ्याला, म्हणजे नेपाळचा नागरिक इथं कामाला असला तर त्याच्याकडं आधार असू शकतं पण मत नाही. घरात परदेशी सून आली तरी तेच, लग्न झालं म्हणून आपोआप नागरिक होत नाही, आणि ओसीआय कार्डवाल्यांनाही, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही, मत नाही. उलट पोरगा दुबईत असला पण पासपोर्ट भारताचा असला, तर फॉर्म ६ अ भरून पासपोर्टवरच्या इथल्या पत्त्यावर नाव लागतं, मत द्यायला मात्र यावं लागतं.

एवढं असूनही मी म्हणेन जन्मदाखला काढून ठेवाच. २०२५ ला बिहारमध्ये यादीची सखोल तपासणी झाली, ज्याला एसआयआर म्हणतात, तेव्हा फॉर्म ६ एवढं सोपं नव्हतं. २००३ च्या यादीत नाव नसलेल्यांना जन्मतारखेप्रमाणं कागद मागितले. १ जुलै १९८७ च्या आधी जन्म असेल तर स्वतःचा कागद, त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंतचा असेल तर स्वतःचा आणि आई किंवा वडिलांचा, आणि त्याच्याही पुढचा असेल तर स्वतःचा आणि आई-वडील दोघांचाही. या तारखा नागरिकत्व कायद्यात वेळोवेळी झालेल्या बदलांवरनं आल्यात. आधार तिथं नंतर सुप्रीम कोर्टानं घ्यायला लावलं, तेही फक्त ओळखीपुरतं.

दाखला काढताना आपल्याकडं एक ठरलेली गंमत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं राहणार राजारामपुरीत आणि जन्म गडहिंग्लजकडच्या गावात, मग महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात कितीबी शोधा, नोंद सापडणार कशी? जन्म जिथं झाला तिथंच नोंद असते, गावात झाला असेल तर तिथली ग्रामपंचायत. आधी आईला विचारा, मग गाडी काढा. दुसरं म्हणजे नोंद सापडते पण बाळाच्या नावाचा रकाना मोकळा असतो, कारण बारसं व्हायच्या आधीच दवाखान्यानं कळवलेलं असतं. तिथं नाव चढवून घ्या, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडं एकच आहे का ते खिडकीवरच बघा, घरी आल्यावर नको. नोंदच नसेल तर उशिराची नोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, ते काम वेळखाऊ आहे.

निपाणी-बेळगावकडनं लग्न होऊन आलेल्या पोरींचं नाव तिकडच्या यादीत असेल तर त्यांनी फॉर्म ६ भरू नये. फॉर्म ८ भरून पत्ता बदलायचा, दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही. इचलकरंजीच्या लूमवर, शिरोलीच्या फौंड्रीत बाहेरच्या राज्यातनं आलेल्या कामगारांनाही हेच लागू.

आणि कुणी फॉर्म ७ भरून तुमच्या नावावर हरकत घेतली तर घाबरू नका, पण नोटीस आली की सुनावणीला कागद घेऊन जायचंच. नाव आधीपासनं यादीत असेल तर तुम्ही नागरिक नाही हे दाखवायची जबाबदारी हरकत घेणाऱ्यावर येते, १९९५ ला लालबाबू हुसेन प्रकरणात सुप्रीम कोर्टानं जुन्या मतदारांच्याच बाजूनं कौल दिलेला. नवीन अर्जात मात्र अधिकाऱ्याची खात्री तुम्हीच पटवायची. तरीही अर्ज फेटाळला तर जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील आणि त्यावर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं. त्यासाठी लेखी आदेशाची प्रत लागते, ती मागून घेतल्याशिवाय ऑफिसातनं हलू नका.