अपूर्ण मालिकेच्या शेवटाचा तर्क कसा बांधावा

हुतात्मा चौकाच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ची एक प्रत घेतली. उत्तरेचा सरदार एडार्ड स्टार्क राजधानीत दाखल होतो त्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : ‘शेवटी हाच राजा होणार.’ त्याच खंडात त्याचा शिरच्छेद होतो. अंदाज चुकला याचे काही नाही. तो कशावरून बांधला याचा एक शब्दही तिथे नाही, ही खरी गोम आहे.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या काल्पनिक जगातल्या कादंबरीमालिकेचा हा पहिला खंड १९९६ मध्ये आणि पाचवा २०११ मध्ये आला. पुढचे दोन अजून यायचे आहेत. तर्काच्या सरावाला याहून चांगले मैदान मिळणे कठीण. सुरुवात करताना प्रश्न लहान घ्यावा. ‘सिंहासनावर कोण बसणार?’ यापेक्षा ‘एडार्डचा अनौरस मुलगा समजल्या जाणाऱ्या जॉन स्नोची आई कोण?’ हा प्रश्न बरा, कारण त्याचे उत्तर आधीच लिहिलेल्या पानांत दडलेले असू शकते. आपण पुस्तकाविषयी बोलतो आहोत की टीव्ही मालिकेविषयी, हेही आधीच ठरवावे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्ही मालिका २०१९ मध्ये आठव्या सीझनला संपली. तिचा शेवट हा पुस्तकासाठी पुरावा धरू नये.

त्यानंतर पुस्तक दुसऱ्यांदा वाचावे, कारण पहिल्या वाचनात आपण गोष्टीमागे धावत असतो. बहुतेक प्रकरणांना ज्याच्या नजरेतून ती सांगितली आहेत त्या पात्राचेच नाव असल्यामुळे वहीत तीन रकाने पुरतात : काय सांगितले, कोणी पाहिले आणि त्याला ते कसे कळले. बोरिवलीहून चर्चगेटच्या स्लो गाडीत बसायला जागा मिळाली तर दोन-तीन प्रकरणे सहज होतात. उभे राहावे लागले तर पानाचा फोटो काढून रात्री टिपण करावे.

टिपणे जमली की वारंवार येणाऱ्या आणि तरीही उलगडून न सांगितलेल्या गोष्टी शोधाव्यात. जॉनच्या आईचेच उदाहरण घेऊ. मरणासन्न बहीण लियाना हिला दिलेले वचन एडार्डला पुन्हा पुन्हा आठवते, पण वचन कशाचे होते ते कुठेही सांगितलेले नाही. राजा आणि युवराज रेगार दोघेही मारले गेल्यानंतर राजरक्षकांपैकी तीन नामांकित योद्धे एका दूरच्या बुरुजापाशी पहारा देत उभे असतात; राखण्यासारखे तिथे काय उरले होते? रेगारने लियानाला निळ्या गुलाबांचा मुकुट दिला होता, आणि दुसऱ्या खंडात रेगारची बहीण डेनेरिस हिला दिसणाऱ्या दृश्यात बर्फाच्या भिंतीच्या फटीत निळे फूल उमललेले असते. जॉन राहतो तोही बर्फाच्या भिंतीवरच. यातला कोणताही धागा सुटा घेतला तर तुटतो, पण वेगवेगळ्या पात्रांच्या नजरेतून आलेले हे तीन धागे एकाच गाठीकडे जातात, म्हणून जॉन हा लियाना आणि रेगार यांचा मुलगा असावा, हा तर्क वाचकांनी नव्वदच्या दशकातच मांडला. टीव्ही मालिकेने २०१६ मध्ये तो खरा ठरवला. पुस्तकात अजून तसे स्पष्ट झालेले नाही.

भविष्यवाण्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. चौथ्या खंडात राणी सर्सीला सांगितले जाते की ‘वॅलोंकार’, म्हणजे धाकटा भाऊ, तिचा गळा आवळेल. ती धाकट्या भावाला, टिरियनला, घाबरत राहते. पण जुळा भाऊ जेमी तिच्यानंतर जन्मला असल्यामुळे तोही धाकटाच ठरतो. पात्राने लावलेला अर्थ हा त्या पात्राचा स्वभाव सांगतो, कथेचा शेवट नव्हे.

लेखकाच्या जुन्या आराखड्यावरही विसंबू नये. मार्टिन यांचे १९९३ चे एक पत्र २०१५ मध्ये बाहेर आले. त्यात मालिका तीनच खंडांची होती आणि वारसांना संपवून जेमीच गादीवर बसणार होता.

शेवटी तर्क मोडून पाहावा. हे काम स्वतःकडून नीट होत नाही, आपल्या लाडक्या पात्रापुढे आपण आंधळे होतो. त्यामुळे वेगळे मत असलेल्या मित्राला इराण्याच्या हॉटेलात चहा पाजून विरुद्ध बाजू मांडायला लावावी आणि त्याचे मुद्दे खोडण्याची घाई न करता उतरवून घ्यावेत. माझ्या मित्राने ‘टिरियन कुठे जातो ते पाहिलेस का?’ एवढेच विचारून माझी दोन पाने रद्द केली होती.

जे उरेल ते तारीख घालून लिहावे आणि कोणत्या घटनेने ते खोटे ठरेल हेही सोबत नोंदवावे. माझ्या वहीतली नोंद अशी आहे : ‘वॅलोंकार जेमीच. आधार, चौथा खंड : मदत मागणारे सर्सीचे पत्र तो जाळतो. सर्सीआधी जेमी मेला, तर हे पान फाडावे.’