घरी टेप केलेला ‘ब्योमकेश’ संगणकावर उतरवताना

१९८५चा ‘करमचंद’, १९९३चा ‘ब्योमकेश बक्षी’ दूरदर्शनवरून टेप केलेल्या व्हीएचएस कॅसेटी काही घरांच्या माळ्यावर अजून सापडतात. मालिकेचे भाग दुसरीकडे मिळतीलही. मधल्या जाहिराती आणि निवेदन मात्र मिळतीलच असं नाही. ते कापू नका, त्यांच्यासाठीच तर हा खटाटोप.

आधी कॅसेटच्या खिडकीतून टॉर्चने बघा. रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती हमखास धरते. अशी कॅसेट लावूच नका, कारण बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या टोकावर, बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती साफ करणाऱ्याकडेच द्यावी. चांगल्या कॅसेटच्या मागच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जात नाही. नंतर टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा, म्हणजे चिकटलेले थर सुटतात.

हेड पुसताना प्लग काढलेला हवा. शॅमॉय चामड्याच्या तुकड्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, तो ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला) हलकेच टेकवून स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. वर-खाली घासलंत तर हेडचं टोक तुटतं. कापूस नको, धागे अडकतात.

व्हीसीआरचं चित्र-आवाज संगणकात घेणाऱ्या यूएसबी कॅप्चर कार्डाला पिवळी वायर चित्रासाठी, पांढरी-लाल आवाजासाठी. मोनो व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक असतं. तिथे पांढरी लावा आणि तोच आवाज नंतर दुसऱ्या बाजूलाही घ्या.

सेटिंग पाल (भारतातली टीव्ही-चित्राची पद्धत), ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. इथेच बहुतेकांचं फसतं: सॉफ्टवेअर एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकी पद्धतीवर, राहिलं की चित्र काळंपांढरं होतं किंवा वर सरकत राहतं. ८ एमबीपीएसने (सेकंदाला ८ मेगाबिट) तीन तासांची ई-१८० कॅसेट साधारण ११ जीबी घेते. ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या रेषांशी जुळवणं, प्रत्येक कॅसेटला नव्याने जुळवावं लागतं. आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडू लागला, तर खराब टेपमुळे फ्रेम गळताहेत. व्हीसीआर आणि कार्डाच्या मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे डगमगता सिग्नल स्थिर करणारं उपकरण, जोडा.

चित्राच्या तळाशी फाटलेल्या रेषा दिसल्या तर घाबरू नका. त्या पूर्वीही होत्या, टीव्हीच्या चौकटीआड लपायच्या.