सिक्वेन्स बरोबर, प्रोटीन मात्र भलतंच? रीडिंग फ्रेमच्या या चुका टाळा

डीएनएचा सिक्वेन्स टूलमधे ट्रान्सलेट केला, म्हणजे त्यावरून प्रोटीन काढलं, आणि तीन अमिनो अ‍ॅसिडनंतर लगेच स्टॉप (प्रोटीन इथे संपतं ही खूण) आला की बरेच जण थेट सिक्वेन्सिंगलाच नावं ठेवतात. थांबा, आधी फ्रेम बघा, म्हणजे तीन-तीनचे गट कुठून पाडले ते. रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र, तीन-तीन बेस (सिक्वेन्समधली अक्षरं) वाचत जातो, अशा तिघांचा एक कोडॉन, मधे ना स्पेस ना कॉमा, त्यामुळे वाचायला कुठून सुरुवात केली यावरच सगळं ठरतं.

बीटा ग्लोबिनचा जीन घ्या, एचबीबी. त्याचा कोडिंग भाग (ज्यावरून प्रोटीन बनतं तो) सुरू होतो एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी असा, म्हणजे मेथिओनीन, व्हॅलीन, हिस्टिडीन, ल्युसीन. कॉपी करताना पहिला ए सुटला की तेच होतं टीजीजी टीजीसी एटीसी टीजीए, आणि टीजीए म्हणजे स्टॉप! टूल एरर देत नाही, मुकाट्याने चुकीचं प्रोटीन देतं, म्हणून ही चूक लवकर सापडतच नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे अख्खा एमआरएनए (प्रोटीन बनवण्यासाठी वाचली जाणारी जीनची कॉपी) पेस्ट करून पहिली फ्रेम उचलणं. एचबीबीच्या एमआरएनएमधे सुरुवातीचे ५० बेस ट्रान्सलेट होतच नाहीत, एटीजीचा ए ५१ नंबरवर आहे, म्हणजे खरी फ्रेम तिसरी, तिसऱ्या बेसपासून सुरू होणारी. सहाही फ्रेम (दोन्ही स्ट्रँडच्या तीन-तीन) काढून बघा, आणि लांबी पण मोजा: कोडिंग भाग ४४४ बेसचा, म्हणजे १४७ अमिनो अ‍ॅसिड आणि एक स्टॉप. आकडा ३ ने भागला जात नसेल तर कुठेतरी गडबड आहे.

जीनोममधून सिक्वेन्स काढलात तर अजून जपून. एचबीबी ११ व्या क्रोमोसोमवर रिव्हर्स स्ट्रँडवर (डीएनएच्या उलट दिशेने वाचायच्या धाग्यावर) आहे, आधी रिव्हर्स कॉम्प्लिमेंट घ्या, म्हणजे क्रम उलटा करून ए-टी आणि जी-सी यांची अदलाबदल. जीनोममधल्या जागा नोंदवणाऱ्या फाइलपैकी बेड फाइल शून्यापासून मोजते, जीएफएफ एकपासून, हे विसरलं की एका बेसने घसरलात. आणि एक्झॉन (जीनचे एमआरएनएमधे राहणारे तुकडे) सुटे सुटे ट्रान्सलेट करून नंतर जोडू नका, पहिल्या एक्झॉनमधे कोडिंग बेस ९२ आहेत, एका कोडॉनचे दोन बेस इकडे आणि तिसरा पुढच्या एक्झॉनमधे, म्हणून आधी जोडा आणि मगच वाचा.

म्युटेशन बघताना पण हाच गोंधळ होतो. सिकलसेलमधे जीएजीचं जीटीजी होतं, एकच अमिनो अ‍ॅसिड बदलतं, फ्रेम जागची हलत नाही. पण आपल्याकडच्या बीटा थॅलेसेमियात नेहमी सापडणाऱ्या म्युटेशनपैकी कोडॉन ८/९ मधे एक जी जास्त येतो आणि ४१/४२ मधे चार बेस जातात, दोन्हीकडे तिथून पुढची सगळी वाचणीच बदलते. उलट बरोबर तीन बेस गेले तर फ्रेम टिकते, पण म्हणून प्रोटीन ठीकच असेल असं धरू नका, सिस्टिक फायब्रोसिस या आजारातलं एफ५०८ डिलीशन (५०८ नंबरचं अमिनो अ‍ॅसिड गळणं) तसंच आहे.

छोटी ओआरएफ (ओपन रीडिंग फ्रेम, मधे स्टॉप नसलेला पट्टा) दिसली की लगेच जीन सापडला असंही नाही. ६४ पैकी ३ कोडॉन स्टॉप, म्हणजे रँडम सिक्वेन्समधेही सरासरी २१ कोडॉनमागे एक स्टॉप येतो, तीसेक कोडॉन मोकळे मिळणं काही विशेष नाही.

आणि फ्रेम नक्की बरोबर असूनही मधेच टीजीए येत असेल तर सिक्वेन्स मायटोकाँड्रियाचा आहे का बघा, माणसाच्या मायटोकाँड्रियात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, तिथे जेनेटिक कोडचं टेबल २ निवडावं लागतं.