डिसेप्शन बेटावर उतरलात की आधी पाणी शोधा

अंटार्क्टिकाला जाऊन आलेले ओळखीचे लोक मला फोटो दाखवतात, त्यात डिसेप्शन बेट हमखास असतं. पेंग्विन असतात, गंजलेल्या टाक्या असतात, लाल जॅकेटातले नवरा-बायको असतात. ज्वालामुखी तेवढा नसतो. सगळेजण शेंड्यातून धूर निघणारा डोंगर शोधत बसतात, आणि जहाज तर त्या ज्वालामुखीच्या पोटातच नांगर टाकून उभं असतं. मी अनेक वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, हे बेट निवृत्तीनंतर पाहिलं. तिथे किनाऱ्यावर मिळणारा वेळ मोजका असतो. तेवढ्यात काय पाहायचं आणि कसं, ते लिहिते.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: इथे शिलारसाला पाणी कुठलं मिळालं? समुद्राचं, बर्फाचं, जमिनीत मुरलेलं, की मिळालंच नाही? हा प्रश्न महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना तर जास्तच गरजेचा. आपला काळा पाषाण बेसाल्ट आहे आणि तिथला बराचसा खडकही बेसाल्टच. पण आपल्याकडे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो लांबच लांब भेगांमधून वाहत आला, थरावर थर चढले, म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. तिथे तो वर येता येता पाण्याला भिडला आणि त्याच्या चिंध्या झाल्या. घाट बघून तयार झालेली नजर तिथे अखंड कातळ शोधते, आणि हाताला लागते राख.

आधी बेट आहे कुठे ते पक्कं करा. ६२ अंश ५७ मिनिटं दक्षिण, ६० अंश ३८ मिनिटं पश्चिम. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या वायव्येला दक्षिण शेटलंड बेटांची रांग आहे, त्यातलं हे एक. आपली मैत्री आणि भारती ही केंद्रं खंडाच्या पार दुसऱ्या अंगाला, त्यांचा इथे संबंध नाही. या रांगेच्या खाली एकेकाळी फिनिक्स नावाचं भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, सरकत होतं. चाळीसेक लाख वर्षांपूर्वी त्याची हालचाल जवळजवळ थांबली. बुडालेला तुकडा मात्र खाली खचत राहिला, त्याने वरच्या बेटांना बाहेर ओढलं आणि बेटं व द्वीपकल्प यांच्यामधली जमीन ताणली गेली. त्या ताणातून ब्रान्सफील्ड सामुद्रधुनी उघडली. जमीन ताणून पातळ झाली की खालचा शिलारस वर यायला वाट मिळते. डिसेप्शन त्याच वाटेवर आहे.

निघण्यापूर्वी घरी अर्धा तास काढा. उपग्रह-छायाचित्रात हे बेट ओळखायला अगदी सोपं: घोड्याच्या नालाचा आकार, मधे पाणी, आग्नेयेला एकच फट. बाहेरून बाहेर साधारण १४-१५ किलोमीटर. मधल्या पाण्याला पोर्ट फॉस्टर म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीची छायाचित्रं निवडा, इतर महिन्यांत बर्फाखाली काही दिसत नाही. नकाशा कागदावर छापून घ्या, थंडीत फोनची बॅटरी कधी मान टाकेल सांगता येत नाही. त्यावर चार नावांना गोल करा: नेपच्यून्स बेलोज, व्हेलर्स बे, पेंड्युलम कोव्ह आणि टेलिफोन बे. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दोरी बांधून गळ्यात. हातमोजे घालून खिशातून भिंग काढायचा प्रयत्न करून बघा, मग दोरी का ते कळेल.

जहाज निवडतानाही लक्ष ठेवा. पाचशेहून जास्त प्रवासी असलेली जहाजं कुणालाच किनाऱ्यावर उतरवत नाहीत. एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसांची मर्यादा असते. म्हणजे जहाज जितकं लहान तितका तुमचा वाट्याचा वेळ जास्त.

आता बेलोज, म्हणजे आत शिरायची फट. काहीशे मीटरची वाट आणि तिच्या मधोमध रॅव्हन रॉक नावाचा खडक पाण्याखाली जेमतेम अडीच मीटरवर. म्हणून जहाज उजव्या कड्याच्या अगदी कुशीतून जातं. हा आपला फायदा. नाश्ता सोडा, उजव्या बाजूच्या डेकवर जागा धरा. शेजारून जाणाऱ्या त्या उंच सुळक्यांना कथीड्रल क्रॅग्ज म्हणतात. त्यांचा रंग बघा: पिवळा, मातकट, कुठे कुठे नारिंगी. पहिलं उत्तर इथेच मिळतं. तापलेला शिलारस पाण्याला लागला की क्षणात गार होतो आणि त्याची बारीक काच होते. काचेच्या त्या काळ्या कणांत गरम पाणी मुरत राहिलं की ते पिवळे पडतात आणि एकमेकांना घट्ट धरतात. या बदललेल्या काचेला पॅलॅगोनाइट म्हणतात आणि त्या दगड झालेल्या राखेला टफ. तेव्हा पिवळा कडा दिसला की समजा, इथे पाणी भरपूर होतं.

रंगांचा हा हिशोब पूर्ण बेटाला लागू पडतो, थोडी सावधगिरी बाळगून. सैल आणि काळं दिसेल ते ताजं, अजून न बदललेलं. लाल दिसेल तिथे पाणी कमी पडलं: गरम तुकडे हवेत उडाले, त्यातल्या लोहाला हवा लागली आणि ते गंजले. पेंड्युलम कोव्हजवळची क्रिमझन हिल या लाल थरांसाठीच ओळखली जाते.

आत शिरलात की लगेच उजवीकडे व्हेलर्स बे लागतो, पण उतरायची घाई करू नका. डेकवर उभं राहून एक पूर्ण गिरकी घ्या. सभोवती कडं आहे, आणि कड्याच्या मधे जो असायला हवा तो डोंगर नाही. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी एका प्रचंड उद्रेकात इथून ३० ते ६० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला असा अंदाज आहे. खालचं कोठार रिकामं झालं, वरच्या छताला आधार उरला नाही आणि ते खाली बसलं. अशा खचलेल्या विवराला कॅल्डेरा म्हणतात. डोंगराचा माथा उडून गेला असं जहाजावर कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तो खाली गेला आहे, तुमच्या जहाजाच्या तळाखाली, आणि त्यावर दीडशे मीटरहून जास्त खोल समुद्र आहे. कड्याचा सर्वात उंच भाग माउंट पॉन्ड, ५३९ मीटर. बेटाचा निम्म्याहून जास्त भाग हिमनद्यांखाली आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

व्हेलर्स बेला सर्वात जास्त वेळ द्या. उतरताच पाण्याच्या कडेला बसू नका, गुडघेही टेकू नका. पक्ष्यांच्या रोगांमुळे आता ते चालत नाही. ओणवे व्हा. लाटा बर्फासारख्या गार आणि त्याच ओळीतून वाफ उठताना दिसेल. ओहोटी असेल तर ठळक दिसते. पाऊस, वितळलेला बर्फ आणि समुद्राचं पाणी वाळूत मुरतं, खाली तापतं आणि किनाऱ्याशी परत वर येतं. हातमोजा काढून हाताची मागची बाजू वाळूजवळ न्या, तळवा एकदम रोवू नका. काही बोटं खोलीवर चटका बसेल इतकी वाळू तापलेली असते. कधी कधी पाण्याच्या कडेला गुलाबी झालेलं क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव, पडलेलं दिसतं, गरम पाण्यात सापडून शिजलेलं. पूर्वी पर्यटक वाळूत खड्डे करून आंघोळी करायचे. आता खणायची परवानगी नाही आणि ते बरंच झालं.

मग चिमूटभर काळी वाळू तळहातावर घ्या आणि भिंग लावा. समुद्रकिनाऱ्याची वाळू असते तशी ही गोलसर नाही. कणांना धार आहे, फोडलेल्या काचेची. काही कणांत बुडबुड्यांची अर्धवट भोकं दिसतील, वायू सुटताना राहिलेली. कडा जितक्या धारदार तितका तो कण लाटांत कमी घासला गेला, म्हणजे नवा. पाहून झालं की तिथेच टाका. खडा, शंख, हाड, काहीही खिशात घालायचं नाही. 'एवढासा तर आहे' हे वाक्य मी जहाजावर मराठीतही ऐकलं.

त्यानंतर टाक्यांकडे चला. नॉर्वेच्या लोकांनी १९१२ मध्ये इथे हेक्टर नावाचा देवमाशांचं तेल काढायचा कारखाना सुरू केला, १९३१ पर्यंत चालला. याच किनाऱ्यावरून ह्यूबर्ट विल्किन्सने १६ नोव्हेंबर १९२८ ला अंटार्क्टिकातलं पहिलं विमानोड्डाण केलं. हा इतिहास गाइड छान सांगतात, ऐका. पण नजर जमिनीवर ठेवा. टाक्या आणि लाकडी घरं खालून पुरल्यासारखी का दिसतात? घरांच्या भिंती एकाच बाजूने का फुटल्या आहेत? २१ फेब्रुवारी १९६९ ला माउंट पॉन्डच्या उतारावर बर्फाखाली भेगा पडून उद्रेक झाला. इथे पाणी समुद्राचं नव्हतं, हिमनदीचं होतं. वितळलेलं पाणी राख आणि दगड घेऊन कालवलेल्या काँक्रीटसारखं खाली आलं, कारखान्यातून आणि ब्रिटिश तळातून आरपार गेलं. कारखान्याची दफनभूमीही त्याने गाडली. तळावरच्या माणसांनी वरून पडणाऱ्या दगडांपासून वाचायला डोक्यावर पत्रे धरले होते. त्यांना चिलीच्या जहाजाने सोडवलं.

हा चिखलाचा लोंढा ओळखायची खूण सांगते. नदी गाळ टाकते तेव्हा निवडून टाकते: जड खाली, हलकं वर, बारीक वेगळं. लोंढा निवडत नाही. पाण्याच्या ओहळाने कापलेला एखादा काठ शोधा. बारीक राखेत मधेच मोठा दगड अडकलेला दिसला आणि थरच दिसले नाहीत, तर तो लोंढा. गाळाचं हे वाचन एकदा जमलं की कुठल्याही ज्वालामुखीच्या पायथ्याशी उपयोगी पडतं.

वेळ आणि वारा दोन्ही साथ देत असतील तर किनाऱ्याच्या पूर्व टोकाला नेपच्यून्स विंडोपर्यंत चालत जा. कड्यातली ही खाच आहे. एका बाजूला पोर्ट फॉस्टर, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. कॅल्डेराची भिंत इथे किती अरुंद आहे ते कळायला दुसरी जागा नाही. वाट राखेची आहे, दोन पावलं वर आणि एक खाली. काठाशी जाऊ नका.

टेलिफोन बेला बरेच जण कंटाळतात, कारण तिथे ना पेंग्विन ना टाक्या. मला विचाराल तर बेटावरची सर्वात चांगली जागा हीच. ४ डिसेंबर १९६७ ला इथे उथळ पाण्यात उद्रेक झाला आणि एक नवं बेट वर आलं. १९७० च्या उद्रेकाने आसपास आणखी विवरं पाडली, किनारा बदलला आणि ते बेट जमिनीला जोडलं गेलं. म्हणजे पन्नाशी उलटलेल्या वाचकांपैकी काहींपेक्षा ही जमीन वयाने लहान आहे. विवरं रुंद, बसकी आणि शंकू जवळजवळ नाहीच. पाणी आणि शिलारस जमिनीलगत भिडले की स्फोट आडवा पसरतो, खड्डा मोठा पडतो आणि काठ बुटका राहतो. काठावरून चालताना उतारावर कुठे राखेच्या फटीतून चमक दिसते का बघा. राखेखाली जुना बर्फ आहे. पातळ राख ऊन शोषते आणि बर्फ लवकर वितळतो, जाड राख पांघरूण घालते आणि बर्फ टिकतो. त्यामुळे इथे काळे ढिगारे आहेत ज्यांच्या आत बर्फ आहे, आणि त्यांच्यावर पाय टाकायच्या आधी पुढच्या माणसाच्या पावलांचे ठसे बघावेत.

पेंड्युलम कोव्ह पटकन उरकलं तरी चालेल. ब्रिटिश नौदलाच्या हेन्री फॉस्टरने १८२९ मध्ये इथे लंबकाचे प्रयोग केले, त्यावरून नाव. चिलीचं केंद्र इथे होतं, १९६७ च्या उद्रेकात गेलं. वाकलेलं लोखंड उरलं आहे, त्याच्या आवाराजवळ जायला बंदी असते कारण तो भाग संरक्षित आहे.

भीतीचं म्हणाल तर, ज्वालामुखी जागा आहे. १९९२ आणि १९९९ मध्ये भूकंपांचे झटके वाढले होते, उद्रेक झाला नाही. स्पेन आणि अर्जेंटिना यांची केंद्रं उन्हाळ्यात चालू असतात आणि स्पेनचे लोक भूकंपमापकांवर लक्ष ठेवतात. तुमचं काम एवढंच: जहाजाचा भोंगा वाजला की फोटो अर्धा टाकून झोडियाककडे, म्हणजे किनाऱ्यावर ने-आण करणाऱ्या रबरी होडीकडे, चालायला लागा. बाहेर पडायला फट एकच आहे, कप्तानाला तिथून वेळेत निघायचं असतं.

परत आल्यावर बूट घासताना तळाच्या खाचांतली राख ब्रशने नीट काढा, कारण पुढच्या बेटावर ती न्यायची नाही. आणि जहाजावर भूशास्त्रज्ञ असेल तर संध्याकाळी जेवणाआधी गाठून हे तीन प्रश्न विचारा: १८४२ मध्ये याच बेटावरच्या माउंट किर्कवुडच्या उतारावर जो उद्रेक दिसला त्याला पाणी मिळालं होतं का? पोर्ट फॉस्टरचा तळ आता वर येतोय की खाली जातोय? आणि उद्या जहाज बेटाच्या बाहेरच्या बाजूने जाणार असेल तर हिमकड्यातले राखेचे काळे पट्टे कुठल्या डेकवरून दिसतील?