त्वचेवरच्या संशोधनाची फेलोशिप : बेळगाव, खानापूर, निपाणीकडून अर्ज करताना

फेलोशिप हवी म्हटलं की बहुतेक जण आधी जाहिराती उघडतात. क्रम उलटा ठेवा. आधी प्रश्न पक्का करा, मग त्याला बसणारी योजना शोधा. त्वचेचा प्रश्न शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. खानापूर–चंदगड पट्ट्यात काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं जवळून पाहा : काळी पडलेली, नखांच्या कडेला सोललेली. काजूच्या टरफलातल्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असतं, ते कातडी जाळतं. बिब्बाही त्याच कुळातला, म्हणून ‘बिब्बा उतला’ (त्याच्या तेलाने अंगावर खाज-फोड आले) म्हणजे काय ते आपल्याकडे आजीलाही सांगावं लागत नाही. पण एकाच शेडमध्ये शेजारी बसणाऱ्या दोघींपैकी एकीलाच का उततं, तिच्या कातडीतल्या टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी) काय वेगळं करतात, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न गजकर्णाचा. महिनोन्महिने न हटणाऱ्या गजकर्णामागे आता बऱ्याचदा ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी सापडते. तिला हे नाव २०२० मध्ये मिळालं. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही, कारण हे औषध ज्यावर काम करतं त्या स्क्वालिन इपॉक्सिडेजच्या जनुकात अनेकदा बदल झालेला असतो. त्यात औषधाच्या दुकानातून थेट आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमं. असा विषय हातात असताना ‘त्वचारोगांचा सर्वांगीण अभ्यास’ असं शीर्षक देऊ नका, परीक्षक पहिल्याच पानावर बाजूला ठेवतात. उद्दिष्टं दोन ठेवा, फार तर तीन. पहिलं फसलं तर दुसरंही कोसळेल अशी रचना नको. प्रस्ताव पडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

योजना निवडताना वय आणि पीएच.डी.ची तारीख, ही दोन घड्याळं समोर ठेवा. एम.एस्सी. झालेल्यांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट आणि डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बेट या परीक्षा, आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) जेआरएफ म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, हे मुख्य रस्ते. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिन्याला ३७,००० रुपये आणि एसआरएफला (त्यापुढची सीनिअर फेलोशिप) ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. पीएच.डी. किंवा एम.डी. झाल्यावर एएनआरएफची (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची) राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप पाहा. ती दोन वर्षांची असते, वयोमर्यादा ३५. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांगांना पाच वर्षांची सवलत आहे. एका मार्गदर्शकाकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त फेलो चालत नाहीत, म्हणून संमतीचं पत्र मागण्याआधीच ‘सर, तुमच्याकडे जागा आहे का?’ असं विचारा. एम.डी. डर्मेटॉलॉजी झालेल्या डॉक्टरांनी इंडिया अलायन्सच्या (डीबीटी आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या निधी संस्थेच्या) क्लिनिकल गटाचे नियमही वाचावेत. युरोपात जायचं असेल तर मारी क्युरी (युरोपियन युनियनची पोस्टडॉक्टरल फेलोशिप) : अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये, पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांच्या आत, आणि ज्या देशात जाणार तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं.

यजमान संस्था नावावरून निवडू नका, उपकरणांवरून निवडा. रुग्ण मिळतील ते त्वचारोग ओपीडीत; नेहरूनगरच्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्थेत बिब्ब्यासारख्या वनस्पतींचं काम बसू शकतं; पेशी वाढवायच्या असतील तर पुण्याचं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र. कोडाच्या (पांढऱ्या डागांच्या) मूलभूत संशोधनासाठी दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेचं काम वाचून ठेवा. एक क्लिनिकल आणि एक मूलभूत, असे दोन मार्गदर्शक असले की प्रस्तावाला वजन येतं.

नमुना कसा घेणार हे प्रस्तावात शब्दशः लिहा, परीक्षक तिथेच पारखतो. चार मिलिमीटरच्या पंच बायोप्सीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला की प्रथिनं एकमेकांत जखडतात आणि थेट इम्युनोफ्लोरेसन्स (चमकणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी) हातचं जातं. त्यासाठी दुसरा तुकडा मिशेल माध्यमात (नमुना नेण्याच्या खास द्रावणात) हवा. आरएनए काढायचं असेल तर तुकड्याची जाडी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवून त्याच्या किमान पाचपट आरएनए-लेटर या जतन करणाऱ्या द्रावणात लगेच टाका. त्यात तो फ्रीजमध्ये महिनाभर, साध्या खोलीत आठवडाभर आणि ३७ अंशांवर एक दिवस टिकतो. खानापुरात वीज गेली तरी नमुना बेळगावात नीट पोचतो तो यामुळेच, म्हणून हा आकडा प्रस्तावात द्याच. बुरशीसाठी चट्ट्याच्या मधून नाही, कडेवरून खरवडा. तपासणी १० ते २० टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), वाढ साबुरो अगार या बुरशीच्या माध्यमावर, आणि चार आठवडे वाट पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहू नका. रुग्णाने गेल्या पंधरवड्यात कुठलं मलम लावलं ते फॉर्मवर नोंदवा, एरवी वाढ न होण्याचं कारण कळणार नाही. रुग्णाला नाव आठवलं नाही तर रिकामी ट्यूब आणायला सांगा.

नैतिक समितीची मंजुरी ज्या संस्थेत नमुने घेणार तिथली लागते. चंदगडचे रुग्ण घेतलेत तर तिथल्या दवाखान्याचंही पत्र हवं. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत करा, आणि दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतर करून ताडून पाहा. ‘बायोप्सी’ला ‘कातडीचा मसुरीएवढा तुकडा’ म्हणा, म्हणजे सही करणाऱ्या बाईला आपण कशाला हो म्हणतोय ते कळेल. परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असला तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी घ्यावी लागते. याला महिने जातात.

आता कागदपत्रं. सीमाभागातले अर्ज सगळ्यात जास्त अडकतात ते इथे. एसएसएलसी (दहावी) मार्क्स कार्डावर आद्याक्षरं, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर आडनाव आधी : तिन्ही जुळवल्याशिवाय परीक्षेचा अर्ज भरू नका. राज्याचा ३बी (कर्नाटकच्या मागासवर्ग यादीतल्या गटाचा) दाखला केंद्राच्या योजनेत ओबीसीचा दाखला म्हणून चालत नाही. केंद्राच्या यादीत आपली जात आहे का ते आधी पाहा, असेल तर नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल कार्यालय) केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमिलेअर दाखला काढा. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातल्या काही प्रवेशांत सवलत आहे. म्हणून महाराष्ट्राच्या सगळ्या फेलोशिपमध्येही ती लागू असेल असं धरून चालू नका. त्या त्या जाहिरातीतली रहिवासाची अट अक्षरशः वाचा आणि शंका असेल तर लेखी उत्तर मागवा.

शेवटच्या तारखेपासून मागे मोजा. सहा महिने आधी मार्गदर्शकांशी बोलणं, चार महिने आधी नैतिक समितीकडे अर्ज, दोन महिने आधी शिफारसपत्रांची विनंती. शिफारस देणाऱ्यांना नुसती जाहिरात पाठवू नका. तुमचा एक पानाचा सारांश आणि त्यांच्याकडे तुम्ही केलेल्या कामाचे चार मुद्दे सोबत द्या. अर्ज आदल्या दिवशी भरा, शेवटच्या तासात पोर्टल अडकतं.